पालेभाजीची परीक्षा आणि प्रयोगशाळेतील कोळसा

कोळसा पाण्यातील रंग आणि दुर्गंध ओढून घेतो, ही गोष्ट आपल्या खेड्यांत नवी नाही. माठावर माठ रचून, वाळू आणि कोळशाच्या थरांतून पाणी गाळून घेण्याची रीत कित्येक घरांतून चालत आलेली आहे. रशियात लोविट्झ या रसायनज्ञाने १७८५ साली कोळशाने द्रावणाचा रंग नाहीसा होतो असे दाखविले, आणि पुढे साखर शुभ्र करणाऱ्या कारखान्यांनी हाडांच्या कोळशाचा उपयोग त्याच कामासाठी केला. हाच गुण आता एका वेगळ्याच कामी लागला आहे. भाजीत, फळांत आणि विहिरीच्या पाण्यात कीटकनाशकांचे उर्वरित अंश किती आहेत हे शोधणाऱ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या प्रकारचा कोळसा आज नित्याच्या वापरात आहे. या साधनाचा लाभ आजवर मुख्यतः परदेशी जाणाऱ्या मालाला मिळाला. गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मेथीच्या व पालकाच्या जुडीपर्यंत तो पोचलेला नाही. खरे पाहता या कोळशाची गरज सर्वांत अधिक आहे ती त्या जुडीलाच.

प्रथम या द्रव्याचा स्वभाव समजून घेणे इष्ट होईल. फडके पाणी पिते तेव्हा पाणी फडक्याच्या आत सर्वत्र मुरते. त्यास शोषण म्हणतात. कोळशाचे तसे नाही. विरघळलेले पदार्थ त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात; यास अधिशोषण असे नाव आहे. साहजिकच पृष्ठभाग जितका मोठा तितका कोळसा अधिक कामाचा. नारळाच्या करवंटीपासून केलेला आणि वाफेने सच्छिद्र बनविलेला चांगला सक्रिय कोळसा घेतला, तर त्याच्या एका ग्रॅममधील सर्व छिद्रांच्या भिंती मिळून सुमारे एक हजार चौरस मीटर भरतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन दडलेली असते.

आता प्रयोगशाळेपुढील अडचण पाहू. ज्या कीटकनाशकासाठी एखाद्या पिकात खास मर्यादा ठरविलेली नाही, त्यासाठी युरोपीय देश सामान्यतः दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम एवढाच अंश चालवून घेतात. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी म्हणून असे समजावे की, दहा टनी दहा ट्रक भरून माल आहे आणि त्या सगळ्या मालात मिळून औषध आहे एक ग्रॅम. तेवढे शोधून, ओळखून, त्याचे माप द्यावयाचे आहे. औषध शोधणारी यंत्रे या कामास समर्थ आहेत. परंतु त्यांच्यासमोर पालकाचा हिरवा रस जसाच्या तसा ठेवला तर ती बिघडतात किंवा खोटे माप देतात. पानातील हरितद्रव्य, मेणासारखे पदार्थ आणि इतर रंगद्रव्ये औषधाच्या मानाने कितीतरी पट अधिक असतात. गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राच्या तोंडाशी हरितद्रव्याची राप धरते, आणि पुढचे नमुनेही त्यामुळे नासतात.

यावर २००३ साली अनास्तासियादेस, लेहोटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सोपी रीत प्रसिद्ध केली, ती आज जगभर रूढ आहे. दहा ग्रॅम बारीक केलेला नमुना घ्यावयाचा, त्यात दहा मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल हा द्राव घालून जोराने हलवावयाचे, मग चार ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि एक ग्रॅम मीठ घालून पुन्हा हलवावयाचे. पाणी खाली राहते, औषध वरच्या द्रावात येते. त्या द्रावाचा थोडा भाग काढून त्यातील मळ एका चूर्णाने ओढून घेतला की तो यंत्रात जाण्यास योग्य होतो. द्राक्षांत मुख्य मळ साखरेचा आणि आम्लांचा. त्यासाठी पीएसए नावाचे चूर्ण पुरते. पालेभाजीस मात्र कोळशाच्या जातीचे द्रव्य लागते, आणि तेही साधे नव्हे.

हे द्रव्य म्हणजे काजळीच होय. दिव्याच्या काचेवर धरते त्याच जातीची काजळी हवाबंद भट्टीत अडीच ते तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापविली म्हणजे तिच्यातील कार्बनचे अणू षट्कोनी जाळीच्या सपाट पत्र्यांसारखे मांडले जातात. ग्राफाइटासारखी बनलेली ही काजळी सक्रिय कोळशाइतकी सच्छिद्र नसते. तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दहा गुंठे नव्हे, एक गुंठाच भरतो. तरीही प्रयोगशाळा तिलाच पसंती देतात, याचे कारण शेतकऱ्यास सहज पटेल. सच्छिद्र कोळशाची बिळे खोल असतात. त्यांत शिरलेले औषध पुन्हा बाहेर निघत नाही. परीक्षेसाठी तर मळ राहावा आणि औषध परत मिळावे अशी अपेक्षा असते. काजळीच्या सपाट पत्र्यावर हरितद्रव्याचा चपटा रेणू असा बसतो की ओल्या फरशीवर ओला कागद चिकटावा. औषधांचे बहुतेक रेणू वेडेवाकडे असल्यामुळे ते तसे चिकटत नाहीत आणि द्रावाबरोबर पुढे जातात. युरोपीय मानक पद्धतीत फिक्या हिरव्या सॅलडच्या एक मिलिलिटर द्रावास अडीच मिलिग्रॅम आणि गडद पालकाच्या द्रावास साडेसात मिलिग्रॅम काजळी सांगितली आहे. मोहरीच्या दोनचार दाण्यांएवढे हे वजन; पण तेवढ्याने गर्द हिरवा द्राव जवळजवळ पाण्यासारखा होतो.

येथवर सर्व ठीक आहे. पण या द्रव्याचा जो दोष आहे, तो सांगितल्यावाचून त्याची स्तुती करणे योग्य नव्हे. हरितद्रव्याप्रमाणेच काही औषधांचे रेणूही चपटे असतात. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आपल्याकडे सर्वत्र ओळखीचे आहे. ते या चपट्या जातीचे. थायाबेन्डाझोल, क्लोरोथॅलोनिल आणि जुने हेक्झाक्लोरोबेन्झीन हीही त्याच पंगतीची. काजळी जास्त पडली तर हरितद्रव्याबरोबर हेही काजळीवरच बसून राहतात. मग यंत्रास औषध दिसत नाही, आणि अहवालावर ‘आढळले नाही’ असा शिक्का बसतो. औषध पानात होते, बाटलीत उतरलेही होते. ते काजळीने धरून ठेवले एवढेच. कोळसा हा घेण्यात उदार आणि देण्यात कृपण आहे, आणि त्याच्या हिशेबात ही कृपणता धरली नाही तर तपासणी शेतकऱ्यासही फसविते आणि खाणाऱ्यासही.

त्यावर उपाय नाही असे नव्हे. द्रावात चौथा हिस्सा टोल्यूइन मिसळले तर चपटी औषधे काजळीवरून सुटून येतात, मात्र थोडा हिरवा रंगही सुटतो. काजळीचे प्रमाण मोजून वापरणे हा दुसरा उपाय. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे प्रयोगशाळेने स्वतःचीच परीक्षा घेणे. औषध नसलेल्या पालकात माहीत असलेले औषध मोजून घालावयाचे आणि शेवटी त्यातले शेकडा किती परत मिळाले ते पाहावयाचे. ७० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान माप आले तर पद्धत विश्वासार्ह समजतात. हा आकडा चांगल्या प्रयोगशाळेपाशी प्रत्येक औषधासाठी आणि प्रत्येक जातीच्या मालासाठी तयार असतो. द्राक्षावर मिळालेला आकडा शेपूस लागू पडत नाही. एनएबीएलची मान्यता पाहतानाही, ती कोणत्या मालासाठी आणि कोणत्या औषधांसाठी मिळालेली आहे, हे तिच्या सोबतच्या यादीवरून पाहिले पाहिजे. ही यादी मागण्यास शेतकरी संकोचतो. बियाण्याच्या पिशवीवरील उगवणशक्तीचा आकडा तो वाचतो; मग पैसे देऊन केलेल्या तपासणीचा आकडा का वाचू नये?

कोळशाच्या या कृपणतेचा अनुभव जुना आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात नद्यांचे हजारो लिटर पाणी कोळशाच्या नळकांड्यातून सोडून, मग तो कोळसा क्लोरोफॉर्मने धुऊन, पाण्यात कोणती सेंद्रिय द्रव्ये आहेत याचा तपास करीत. नद्यांत डीडीटी पोचल्याचे अशाच तपासांतून दिसून आले. तेथील आरोग्यखात्याने १९६२ च्या पेयजल मानकात कोळशावरून धुऊन निघालेल्या द्रव्यांसाठी दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम अशी मर्यादाही घातली होती. परंतु कोळशाने धरलेले सगळेच क्लोरोफॉर्मने सुटत नव्हते, आणि जे मोजले जाई ते खऱ्यापेक्षा कमी असे. म्हणून पुढे ती पद्धत मागे पडली. दोष कोळशाचा नव्हता. त्यावर जितका विश्वास टाकण्यासारखा होता त्याहून अधिक टाकला गेला.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना तपासणीचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागले नाही. २००३ साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट यांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले, आणि व्यापार धोक्यात आला. त्यानंतर अपेडाच्या पुढाकाराने निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन घेतलेला नमुना आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळेची देखरेख अशी घडी बसविण्यात आली. ही घडी चांगली आहे, आणि नाशिक, सांगली, सोलापूर भागांतील बागायतदारांनी ती निष्ठेने पाळली याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मेथोमिलवर पुढे २०२३ साली देशातच बंदी आली.

पण याच द्राक्षांनी २०१० साली दुसरा धडा दिला. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारीत. त्यास ते सीसीसी म्हणतात. फवारणी एप्रिल-मेमध्ये, आणि काढणी पुढल्या वर्षाच्या आरंभी. एवढ्या काळात औषध नाहीसे होत असेल असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात ते वेलीच्या लाकडात साठून राहिले, तेथून घडात उतरले, आणि युरोपच्या बंदरांत माल अडकला. नमुने तपासले होते, दाखले मिळाले होते. परंतु त्या वेळच्या तपासणीच्या यादीत हे द्रव्यच नव्हते. शिवाय ते मिठासारखे पाण्यात विरघळणारे असल्याने नेहमीच्या पद्धतीत इतर औषधांबरोबर हाती येत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा करावी लागते. प्रयोगशाळा जे विचारावे त्याचेच उत्तर देते. फवारणीची वही खरी नसेल, किंवा वहीतील प्रत्येक नाव यादीशी ताडून पाहिले नसेल, तर कितीही महागडे यंत्र आणि कितीही शुद्ध काजळी त्या उणिवेची भरपाई करू शकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. द्राक्षाचा घड परदेशी जातो म्हणून त्याची बागनिहाय परीक्षा होते. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, चुका, तांदुळजा या भाज्या आपल्याच घरी, आपल्याच मुलांच्या ताटात जातात, आणि त्यांची शेतनिहाय परीक्षा जवळपास होत नाही. खाद्यमालातील अंशांवर देखरेख ठेवण्याची केंद्र सरकारची राष्ट्रीय योजना २००५-०६ पासून चालू आहे. तिच्यात देशभरच्या बाजारांतून भाज्यांचे नमुनेही घेतले जातात, आणि राज्यातील कृषी विद्यापीठांची शास्त्रीय तयारी कमी नाही. उणीव आहे ती दुवा जोडण्याची. बाजारातून उचललेल्या जुडीवर शेताचे नाव लिहिलेले नसते. तिच्यात अंश सापडला तरी तो कोणाच्या वाफ्यातून आला, का आला, आणि पुढच्या वेळी काय बदलावे, हे सांगण्यासाठी कोणाकडे जावयाचे? असा आकडा अहवालात जातो. वाफ्यापर्यंत परत येत नाही.

पालेभाजीस अग्रक्रम का द्यावा याची कारणे उघड आहेत. वजनाच्या मानाने पानाचा पसारा मोठा असल्यामुळे फवाऱ्याचा जास्त भाग तिच्यावर बसतो. तिला साल नाही की काढून टाकावी. ती धुतल्याने पृष्ठावरील काही अंश जातो हे खरे. पण आंतरप्रवाही औषध पानाच्या आत उतरलेले असते, ते नळाखाली धरून निघत नाही. आणि ही पिके एवढी अल्पायुषी की मेथीचे पेरणीपासून काढणीपर्यंतचे आयुष्यच महिन्याभराचे. पंधराव्या-विसाव्या दिवशी मावा किंवा नागअळी दिसली आणि फवारणी केली, तर थांबण्यास दिवस उरतात किती?

येथे शेतकऱ्यावर दोष ढकलून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. औषधाच्या डब्यावरील पत्रिकेत कोणत्या पिकास, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात आणि काढणीपूर्वी किती दिवस आधी, हे लिहिलेले असते. मात्र पालेभाज्यांची नावे फारच थोड्या औषधांच्या पत्रिकेवर आढळतात. शेपूसाठी शिफारसच नसेल तर शेपूसाठी थांबण्याचे दिवसही लिहिलेले नसणार. मग शेतकरी शेजाऱ्यास विचारतो किंवा दुकानदारास विचारतो, आणि दुकानदार फडताळात जे असेल ते देतो. भाजीवर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ सालीच मनाई झाली, तरी ते पुढेही भाजीच्या वाफ्यांत दिसत राहिले, ते याच वाटेने. दुसरीकडे बाजार थांबू देत नाही. जुडीला आज चढा भाव आहे आणि चार दिवसांनी आवक वाढली की ती फुकट वाटावी लागेल, हे ज्याला डोळ्यांपुढे दिसते, त्याला ‘आणखी सात दिवस थांबा’ असे नुसते सांगणे म्हणजे त्याच्या अडचणीकडे पाठ फिरविणे होय. त्यास थांबण्याची गरज पडू नये अशी कीडव्यवस्था दाखविली पाहिजे: पिवळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, लागण दिसताच खराब पाने काढून टाकणे. आणि पालेभाज्यांसाठी औषधांची रीतसर शिफारस व प्रतीक्षाकाळ ठरविण्याचे काम संशोधकांनी आणि नोंदणी करणाऱ्या यंत्रणेने आता अधिक लांबणीवर टाकू नये.

शेतनिहाय परीक्षेवर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. एका जुडीच्या किमतीत एक नमुना तपासून होणार नाही. पण प्रत्येक वाफा तपासावा असे कोण म्हणते? एका बाजारपेठेस भाजी पुरविणारी पाचदहा गावे निवडून, हंगामात त्यांतील काही शेतांचे नमुने आळीपाळीने घेतले तरी कोणत्या औषधाचा अंश कोठे राहतो याचे चित्र दोन हंगामांत स्पष्ट होईल. ज्या औषधांचे अंश एकदाही सापडत नाहीत त्यांवर पैसा खर्च करण्याची मग गरज नाही. दुसरा आक्षेप भीतीचा. नमुना घेण्यास माणूस आला की शेतकऱ्यास वाटते, आता खटला होणार. म्हणून पहिल्या दोन हंगामांतील निकाल केवळ सल्ल्यासाठी वापरले जातील, असे आरंभीच जाहीर करणे शहाणपणाचे ठरेल. शिक्षेच्या धाकाने लिहिलेली फवारणीची वही नेहमी कोरी आणि सुंदर असते.

काही मंडळी असेही म्हणतात की नवे कोळसे येत आहेत, तोवर थांबावे. हे कोळसे खरोखरच कौतुकास्पद आहेत. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या इजिमा या जपानी शास्त्रज्ञाने १९९१ साली दाखविल्या. एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पत्रा, म्हणजे ग्राफीन, मँचेस्टर येथे २००४ साली हाती आला आणि त्याबद्दल गाइम व नोवोसेलोव यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात पुरतात. लोहाच्या ऑक्साइडाचे कण त्यांना जोडले तर काम झाल्यावर बाटलीच्या बाहेरून लोहचुंबक लावून ती एका बाजूस गोळा करता येतात; गाळण्याची खटपट वाचते. कार्बनच्या पट्टीवर किण्व बसवून केलेली लहान उपकरणे सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटांतील औषधे असल्याची सूचना थोड्या वेळात देतात, मात्र त्या गटातील नेमके कोणते औषध आणि किती, हे त्यांवरून सांगता येत नाही. सूचनेपुरती ती उपयोगी आहेत, दाखल्यापुरती नाहीत. काजळी आणि काटेकोर पद्धत आज हाताशी असताना नवलाईची वाट पाहत बसणे म्हणजे संकरित बियाणे येईल म्हणून यंदा पेरणीच न करण्यासारखे आहे.

पाण्याच्या बाबतीत हीच द्रव्ये आणखी एक काम करतात. विहिरीचे एक लिटर पाणी काजळीच्या छोट्या नळीतून सोडले आणि धरलेले औषध एक मिलिलिटर द्रावात उतरविले, तर ते हजारपट दाट होते व यंत्राच्या टप्प्यात येते. बाटलीबंद पाण्यासाठी १ जानेवारी २००४ पासून लागू झालेली दर लिटरला ०.०००१ मिलिग्रॅमची मर्यादा तपासावयाची तर अशा दाटपणावाचून गत्यंतर नाही. भाजीच्या मळ्याशेजारची पिण्याची विहीर मात्र या तपासणीतून सहसा सुटते.

जमिनीतील कोळशाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण सध्या जैविक कोळसा शेतात घालण्याचा पुष्कळ प्रचार होतो. तो जमिनीस उपकारक असेल. परंतु काजळी बाटलीत जे करते तेच तो मातीत करतो. जमिनीवर फवारलेली ॲट्राझिनसारखी तणनाशके तो धरून ठेवतो आणि तण मरत नाही. शेतकरी मग मात्रा वाढवितो. त्यास कारण ठाऊक असते तर त्याने औषध बदलले असते किंवा खुरपणी केली असती. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप आणि मार्टिनिक या बेटांवर १९७२ ते १९९३ या काळात केळीच्या सोंडकिडीसाठी क्लोरडेकोन वापरले गेले. ते जमिनीत इतके टिकून राहिले की पिण्याच्या पाण्यासाठी तेथे सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवाव्या लागल्या, आणि कंदमुळे कोणत्या शेतात लावावयाची हे माती तपासून ठरवावे लागते. औषध फवारणारी पिढी वेगळी आणि गाळण्यांचा खर्च सोसणारी वेगळी.

अंशांच्या चर्चेत आणखी एक गोष्ट नजरेआड होते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्यांच्या बाबतीत कोणत्याही मालाचा कोणताही दाखला उपयोगी पडला नसता. मालातील अंश मर्यादेत आहे, म्हणजे फवारणाऱ्याच्या अंगावर पडलेले औषधही मर्यादेत होते, असा अर्थ होत नाही. फवारणीची वही तपासणाऱ्या कार्यकर्त्याने हातमोजे, तोंडावरील आवरण आणि वाऱ्याची दिशा यांचीही चौकशी त्याच बैठकीत केलेली बरी.

‘अंशमुक्त भाजी’ अशी पाटी लावून दीडपट भावाने विकण्याची टूम शहरांत निघाली आहे. प्रामाणिक शब्द ‘मोजता येण्याच्या मर्यादेखाली’ असा आहे, आणि ती मर्यादा किती, हेही त्याच कागदावर असले पाहिजे. कोणती औषधे तपासली, कोणत्या मालावर पद्धत पारखली, किती टक्के परत मिळाले, या चार ओळींवाचून दिलेला दाखला शेतकऱ्याने घेऊ नये आणि ग्राहकानेही मानू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या वाट्यास या सर्व व्यवहारात जे येते ते नमुना घेण्याचे काम, आणि ते वाटते तितके साधे नाही. वाफ्याच्या कडेची, बांधालगतची पाने घेऊ नयेत. शेतातून नागमोडी फिरून निदान दहा ठिकाणांहून मिळून किमान एक किलो भाजी घ्यावी. ज्या हातांनी औषध कालविले त्या हातांनी नमुना घेऊ नये. भाजी धुऊ नये, नुसती माती झटकावी. पिशवी नवी आणि स्वच्छ असावी. खताची किंवा औषधाची जुनी पिशवी कितीही धुतली तरी चालणार नाही. पिशवीवर शेताचा गट क्रमांक, पेरणीची आणि शेवटच्या फवारणीची तारीख, आणि गेल्या महिन्यात जे जे फवारले त्यांची नावे लिहावीत, दुकानदाराने नाव न सांगता दिलेली पुडीसुद्धा. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवावा, कारण उन्हात सुकलेल्या पानातील अंश वाफ्यातील पानाचा राहत नाही.

निकाल परत येण्यास किती दिवस लागतात, यावर या योजनेचे यश अवलंबून राहील. मेथी उपटून झाल्यावर आलेला निकाल पुढच्या पेरणीस उपयोगी पडेल, एवढेच. पालकाची गोष्ट निराळी आहे. पहिल्या कापणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याच वाफ्याची दुसरी कापणी येते. पहिल्या कापणीस घेतलेल्या नमुन्याचा निकाल दहा दिवसांत गावी पोचला, तर दुसरी कापणी बाजारात न्यावी की थांबवावी, हे शेतकरी तो कागद हातात धरून ठरवू शकेल. म्हणून आरंभ करावयाचा तर पालकापासून करावा.